अण्णांचे उद्योग: टपाल, पायपेटी, पाग आणि भरतीची वही

कर्लीकाठची

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आता वर्ष होईल. वर्षश्राद्धाला आम्ही सगळी भावंडं गावी जमणार आहोत. माजघरातली त्यांची दोन कपाटं आणि पडवीतला पेटारा यांचं काय करायचं ते तेव्हा ठरवायचंय. भाऊ म्हणतो, वाळवी लागायच्या आत कुणाला तरी देऊन टाकू. मला ती घाई वाटते. आई अजून काहीच बोललेली नाही. इथे या मंचावर पेटी दुरुस्त करणारे आहेत, तिकिटं जमवणारे आहेत, काजू लावणारेही आहेत, म्हणून आठवणी आणि प्रश्न दोन्ही एकत्रच लिहिते. लांबलंय, सवडीनं वाचा.

कर्ली खाडीच्या काठी, मालवण तालुक्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला आमचं घर. अण्णा पोस्टमन. आधी थैली वाहणारे रनर, मग खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन. सकाळच्या एसटीनं आलेली थैली फुटली की पत्रं वाडीवार लावायची, चामडी पिशवी खांद्याला आणि निघायचं. सायकल होती, पण निम्मी वाट पाणंदीची आणि चिऱ्याच्या पायऱ्यांची. त्यामुळे सायकल कुणाच्या तरी खळ्यात टेकवून पुढे पायीच. एक वाडी खाडीपलीकडे होती, तिथे होडीनं. पावसात पिशवीवर प्लास्टिक, डोक्यावर इरलं आणि चपला हातात.

पत्रापेक्षा मनीऑर्डरीचं काम मोठं. आमच्याकडे घराघरातला एक तरी माणूस गिरणीत नाहीतर गोदीत, आणि घर चालायचं ते महिन्याच्या मनीऑर्डरीवर. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अण्णांना जेवायला फुरसत नसायची. म्हाताऱ्यांचे अंगठे घ्यायचे, नोटा दोनदा मोजून द्यायच्या आणि खालच्या कुपनावर मुलानं लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायच्या. वाचताना ते एक शब्द इकडचा तिकडे करत नसत. वाईट बातमी असली तरी गोड करून सांगणं नाही. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात कधीच नाही. यावरून वाडीतल्या काही बायका त्यांच्यावर जाम रागावलेल्या असायच्या, कारण पोस्टमनकडून गावच्या बातम्या मिळायलाच हव्यात अशी त्यांची रास्त अपेक्षा!

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. बातमी रेडिओवर आली, पण संप म्हणजे काय ते आमच्या गावाला अण्णांच्या पिशवीवरून समजलं. दोन-तीन महिन्यांत मनीऑर्डरी आटल्या. मग माणसंच परत यायला लागली, ट्रंका घेऊन. त्यांच्याकडे वडिलोपार्जित सडा होता, गवत आणि कातळ. अण्णांचं काजूचं वेड तेव्हाचं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन मृदकाष्ठ कलम बांधायला शिकून आले आणि टपाल वाटता वाटता ज्याच्या-त्याच्या परसात रोपं बघत हिंडायला लागले. काडी निवडायची, तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं खुडायची म्हणजे डोळा फुगतो, मग पाचर करून रोपाच्या चिरेत बसवायची, पट्टी आवळायची आणि वरून प्लास्टिकची टोपी. हे सगळं त्यांनी कितीजणांना फुकट शिकवलं असेल कोण जाणे. वेंगुर्ला ४ या काजूच्या जातीच्या काड्या ते पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचे. सरकारी पिशवीत काजूच्या काड्या नेणं नियमात बसतं का, असं एका साहेबांनी विचारलं होतं म्हणे. अण्णांनी त्यांना दोन कलमं दिली. पुढचं आम्हाला माहीत नाही.

कपाटात काय काय आहे ते आता सांगते.

एक, पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची हार्मोनियम. ती कपाटात मावत नाही, शेजारी झाकून ठेवलीय. अण्णा कुठल्याही दशावतारी कंपनीत नोकरीला नव्हते. पण आमच्या पट्ट्यात तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की कुठल्या ना कुठल्या कंपनीचा पेटीवाला आजारी पडायचाच, मग अण्णांना निरोप. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासूर हा आडदशावतार होईपर्यंत मध्यरात्र, त्यानंतर आख्यान, ते पहाटे दहीकाला होईपर्यंत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे पेटीवाल्यानं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, कुठल्या शब्दावर तो गाण्यात शिरणार याचा अंदाज घेत. रात्रभर हे करून अण्णा आठ वाजता टपाल कचेरीत. दांडी मारलेली मला आठवत नाही. झोप कधी घ्यायचे हे मात्र मला अजून न सुटलेलं कोडं आहे.

दोन, तिकिटांच्या वह्या. यात आखाती देशांतली तिकिटं भरपूर, शिवाय बोटीवर असलेल्या मुलांच्या पत्रांवरची ग्रीस, पनामा, जपान. पत्र देताना अण्णा विचारायचे, "तिकीट माका ठेवशात?" नाही म्हणणारे फार थोडे.

तीन, मूर्तीची हत्यारं. नागपंचमीच्या सुमारास लोक गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आपापला पाट आणून ठेवायचे, की अण्णा संध्याकाळी तिथेच. माती मळायला नव्हे, त्यांना फक्त डोळे आखायला बोलवायचे. कोरणी, वाळलेले ब्रश, रंगाच्या पुड्या असं सगळं एका बिस्किटाच्या डब्यात आहे.

चार, जाळी. पाग, म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं, ते स्वतः विणायचे. पडवीच्या खांबाला दोरी बांधून, बांबूची सुई, हातात एक पट्टी, आणि बोलणं चालूच. खालच्या कडेला शिशाचे मणी. खाडीत बोय हा मासा पागण्यात त्यांचा हात धरणारा गावात एकच होता आणि त्यांचं आपसात बोलणं नव्हतं.

पाच, भरतीची वही. खरं म्हणजे वह्या, बऱ्याच. या मला कळत नाहीत. रोजची तिथी, एक वेळ, पुढे दुसरी वेळ, त्यापुढे अधिक-उणे चिन्ह आणि आकडा. मागच्या पानांवर पाऊस. कुणी उलगडून सांगेल का?

प्रश्न असे: पायपेटी बरीच वर्षं वाजवलेली नाही, तिचं काय करावं? तिकिटं कशी जपायची, त्यांना काही किंमत असते का? आणि वह्यांचा कुणाला उपयोग आहे का?

सड्यावरचा

काय माणूस होता! आमच्याकडे रत्नागिरीत दशावतार नाही, नमन-खेळे. आमचे आजोबा मृदंग वाजवायचे आणि दिवसा चिऱ्याच्या खाणीत. पावसात खाण बंद, तेव्हा शेती. मृदंगाला शाई लावायला त्यांना आजूबाजूच्या गावांतून बोलवायचे. बोटं चिरा तोडून अशी झालेली की भात कालवताना बघवत नसे, पण मृदंगावर पडली की वेगळीच. अजून लिहा.

पायपेटीवाला

पेटीबद्दल घाईघाईनं लिहितो, कारण लोक नेमकी हीच चूक करतात: सुरांना तेल, स्प्रे, पॉलिश काहीही लावू नका. सूर म्हणजे आतल्या पितळी जिभल्या, त्यांच्यावर हिरवट थर आला असेल तर येऊ दे, तो जाणकाराला बघू दे. बघायचं ते भात्याचं. चामडं सुकून चिरलं असेल आणि कापडाच्या घड्यांतून हवा जात असेल. पायाच्या पट्ट्यांचे दोर कुजले असतील. एवढं बदललं तर निम्मी पेटी उभी राहते. वरच्या पट्ट्या अडकत असतील तर पावसात लाकूड फुगल्यामुळे, मार्चपर्यंत थांबा, आपोआप सुटतील. खालच्या नमद्याला, म्हणजे जाड लोकरी कापडाला, कसर लागली असेल तर तो बदलावाच लागतो.

आणि एक. पेटी कुणी स्वरात लावून देतो म्हणाला तर आधी विचारा की सूर कुठे घासणार. टोकाकडे घासला तर सूर चढतो, बुडाशी घासला तर उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. तुमच्या अण्णांनी स्वतः लावलेली असेल तर आतमध्ये कुठेतरी चिठ्ठी किंवा खुणा असतील. जुने लोक ठेवायचे.

कर्लीकाठची

पायपेटीवाला, भावानं आत्ता व्हिडिओ कॉलवर फळी उघडली. आहेत! प्रत्येक सुराखाली पेन्सिलीनं बारीक तारखा आणि "चढला", "बरा", "हात लावू नये". शेवटची नोंद १९९१ ची.

हिशेबी

वहीचा एक फोटो टाकाल का? तरी अंदाज सांगतो. किनाऱ्यावर जुना आडाखा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. कृष्णपक्षात परत प्रतिपदेपासून. दिवसातून दोन भरत्या, त्यामुळे दुपारची तीच पहाटेची, थोडी मागेपुढे. पहिला रकाना हा असणार. दुसरा रकाना म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली वेळ. अधिक-उणे म्हणजे चूक.

आडाखा तोंडी करायला सोपा म्हणून ४५ मिनिटांचा. बारकाईनं पाहिलं तर दर तिथीला चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो आणि २४ तास भागिले ३० म्हणजे ४८ मिनिटं येतात. तीन मिनिटांचा फरक पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा होतो. शिवाय खाडीच्या मुखाशी आलेलं पाणी आत चढायला वेळ घेतं. मुखापासून जितकं आत, तितकी भरती उशिरा. त्यामुळे प्रत्येक धक्क्याची आपली वेगळी भर असते आणि ती पुस्तकात नसते, तिथल्या माणसालाच काढावी लागते. तुमच्या अण्णांनी ती काढली असेल तर वह्या टाकू नका हो, हात जोडतो.

कर्लीकाठची

फोटो पाठवला. तुमचं बरोबर निघालं. आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: "आपल्या धक्क्यास आडाख्याहून उशीर. उधाणात कमी, भांगात अधिक. वारा दक्षिणेचा असेल तर विचारू नका." हे शेवटचं वाक्य शंभर टक्के अण्णा. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारची लहान भरती.

बोयीचं कारण आता लक्षात आलं. चढत्या पाण्याच्या सुरुवातीला बोय उथळात येते, आणि अण्णा टपाल संपवून त्याच वेळी नेमके धक्क्यावर कसे असायचे याचं आम्हाला नवल वाटायचं. पलीकडच्या वाडीचं टपालही पाणी बघूनच नेत असणार, ओहोटीला तिथे होडी लागत नाही, चिखलातून जावं लागतं.

हिशेबी

अजून एक बघा. उधाण नेमकं पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवस मागाहून चढतं. त्यांच्या नोंदीत तृतीयेच्या आसपास "पायरी ३", "पायरी ४" असं काही दिसतंय. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आलं ते असावं. हे तर सोनं आहे. मे २०२१ चं पान असेल तर बघा, तौक्ते वादळाचं.

कर्लीकाठची

आहे. १६ मे. "पायरी दिसत नाही. माड ४ गेले. कलमं आडवी. वीज नाही." दुसऱ्या दिवशी फक्त: "कलमं उभी केली, ११."

गुहागरची लेक

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरी आले की अंगाला डिझेलचा वास, आंघोळ, आणि मग घड्याळं. वाडीतली, मंदिरातली, शाळेतली भिंतीवरची घड्याळं आमच्या पडवीत उघडी पडलेली असायची. पैसे घेत नसत. घेतले असते तर आईची धुणी कमी झाली असती असं आजी म्हणायची. त्यांना बागेचाही नाद होता, पण तो जरा विचित्र. पावसाळ्याच्या सुरुवातीला गर खाऊन फेकलेल्या आंब्याच्या बाठी गोळा करायच्या, रुजल्या की तांबूस कोवळ्या रोपावर कोय कलम करायचं आणि कलम जगलं की ज्याच्या घरचा आंबा खाल्ला त्यालाच नेऊन द्यायचं. आपल्या परसात एकही लावलं नाही, जागाच नव्हती. आजही गुहागरला गेले की कुणी ना कुणी सांगतं, "ह्यो तुझ्या बाबांचा." मी मान डोलावते. कुठला कुणाचा मला काय ठाऊक.

त्यांच्या जाण्यानंतर आम्ही घड्याळांचे सुटे भाग किलोवर विकले. तुम्ही विचारताय हे चांगलं करताय.

चुलीपुढची

सगळं छान आहे, अण्णाही थोर. पण मला एक विचारायचंय आणि राग मानू नका. रात्रभर पेटी, दिवसभर टपाल, संध्याकाळी गणपतीची शाळा, मधल्या वेळात पाग आणि कलमं. मग गुरं कोण बघत होतं? मुलांना शाळेत कोण पाठवत होतं? रात्री दहाला आणलेली बोय कोण साफ करत होतं? आपल्याकडच्या कर्तबगार, हौशी बापांवर असे धागे निघतात तेव्हा आई त्यात चहा देण्यापुरती येते. तुमच्या पोस्टीत ती "अजून काहीच बोललेली नाही" एवढीच आहे.

सड्यावरचा

ताई, श्रद्धांजलीच्या धाग्यावर हे कशाला? त्या काळी तसंच होतं.

चुलीपुढची

त्या काळी तसंच होतं म्हणूनच विचारतेय. मी श्रद्धांजली काढून घेत नाहीये. छंद करायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी देतं, एवढंच.

गुहागरची लेक

चुलीपुढची, +१. माझ्या आजीचं धुण्याचं वाक्य मी उगीच लिहिलं नव्हतं.

पायपेटीवाला

दोघींचंही पटतंय, आणि तरी पेटीचा भाता बदलाच, असं माझं म्हणणं कायम.

कर्लीकाठची

चुलीपुढची, राग कसला. काल रात्री हा सगळा धागा आईला फोनवर वाचून दाखवला. तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, लिही. तिचं जसंच्या तसं लिहिते:

"त्या बायेक सांग, बरोबर विचारल्यान. ह्येंका छंद होते, माका कामां होती. पेटी वाजवन ह्ये पाटे घराक येयत, तेव्हा माज्या म्हशीची धार काडून झाल्ली आसायची. मासे ह्येंनी हाडूचे, खवळां मी काडूची. माका फुगडेचो नाद होतो. गौरीच्या राती मी सकाळपर्यंत फुगडी घाली, आमच्या वाडीत माज्यावांगडा टिकणारी एकच होती. ह्येंनी कदी जाव नको म्हणूक नाय. पण गोठो बघूक पण नाय. मी धार काडून जाय आनी परत येवन धार काडी. आता ऱ्हवला तां. पगार मात्र पाकीट न फोडता माज्या हातात. तिकिटांका, रंगांका पैसे होये झाले तर माज्याकडे मागूचे, आनी मी सगळ्याक हो म्हणी असा नाय. एकदा रेडिओ घेवचो होतो, तेव्हा मी म्हस घेतलंय."

यावर माझं काही भाष्य नाही. म्हैस मात्र मला आठवते, रेडिओ पुढच्या वर्षी आला.

चुलीपुढची

आईंना नमस्कार सांगा. आणि त्यांच्या फुगड्यांवर वेगळा धागा काढा, मी पहिली येते.

तिकीटवाला

उशिरा आलो, तिकिटांचं सांगतो. सुटी, शिक्का मारलेली साधी तिकिटं जगभर ढिगानं असतात, त्यांना पैशात फार किंमत नाही. मुलाला शिकवायला उत्तम. पण कपाटात अख्खी पाकिटं, पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका, तिकीट कापू नका. छोट्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के असलेली पाकिटं आता लोक शोधत असतात. बोटीवरच्या खलाशांची पाकिटं तर जास्तच.

१९४७ च्या नोव्हेंबरातलं "जय हिंद" लिहिलेलं साडेतीन आण्याचं तिरंग्याचं तिकीट, म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं, असेल तर बघा. ते दुर्मीळ मुळीच नाही, पण ज्याच्या-त्याच्या संग्रहात त्याचा मान पहिला असतो. कागदाला चिकटलेली तिकिटं साध्या पाण्यात भिजवून सोडवा, रद्दीत दाबून सावलीत वाळवा. गडद लाल, जांभळ्या शाईच्या पाकिटाचे तुकडे वेगळे भिजवा, रंग उतरतो. स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नका, कोकणच्या दमटपणात तिकीट चिकटून बसतं. वह्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, पावसात भिंत घाम सोडते.

नातू_धाकटा

मी वरच्या पोस्टीतल्या कर्लीकाठचीचा मुलगा. आईनं धागा पाठवला. आजोबांबद्दल तिने जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी पाहिलेलंच नाही. मला माहीत असलेले आजोबा निवृत्त होते आणि भयंकर रिकामटेकडे असल्याचं नाटक करायचे.

आम्ही ठाण्यात. मे महिन्यात गावी. उरलेलं वर्ष आजोबांची पोस्टकार्डं. फोन होता, व्हॉट्सॲप होतं, त्यांनाही येत होतं, तरी पोस्टकार्ड. आणि मी उलट कार्ड पाठवायचं. पिनकोड नीट नसेल तर पुढच्या कार्डात फक्त तेवढंच लिहून यायचं. पहिला आकडा ४ का, तर आपला विभाग. पहिले तीन ४१६ का, तर आपली वर्गवारी तिथे होते. हे मी तिसरीत असताना पाठ होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तेव्हा त्याआधी एकाच नावाच्या गावांनी त्यांना किती छळलं हे ते अशा आवेशात सांगायचे जणू स्वातंत्र्यच तेव्हा मिळालं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली त्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता, बाकी काही नाही, "तार बंद झाली रे" एवढं सांगायला. मला तार म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग तासभर.

पाऊस मोजायला त्यांनी शिकवलं. सरळ भिंतीचा कुठलाही डबा उघड्यावर ठेव, पट्टी बुडव, जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस. डबा लहान असो की मोठा, आकडा तोच येतो. मला हे पटेना. मग त्यांनी खळ्यात बारीक-मोठे पाच डबे मांडले, आणि रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी मला उठवून पाचही मोजायला लावले. तोंड निमुळतं असलेली बरणी मुद्दाम सहावी ठेवली होती, ती चुकते हे दाखवायला.

मोबाइलमध्ये भरतीच्या वेळा दाखवणारं ॲप मीच घालून दिलं होतं. त्यानंतर वहीत एक नवा रकाना आला, "यंत्र". आई, तू फोटो टाकलास त्यात नाही, शेवटच्या दोन वह्यांत बघ. ॲप मुखाजवळच्या बंदराची वेळ देतं, धक्क्याची नाही, त्यामुळे यंत्र रोज चुकायचं आणि आजोबा रोज खूश. पाग मात्र मला कधीच जमली नाही. ती गोल पसरायला हवी, माझी केळ्यासारखी पडायची. "मासे हसतत," म्हणायचे.

डोळे आखतानाचं पण सांगतो. त्यांचा हात शेवटी थरथरायचा. शाळेतले लोक तरी बोलवायचे. ते जायचे, ब्रश हातात घ्यायचे आणि जवळच्या पोराच्या हातात देऊन नुसतं सांगायचे, इथून इथे, श्वास सोडू नको. एक वर्ष ते पोर मी होतो. गणपती जरा चकणा झाला. ज्यांच्या घरचा होता त्यांना अजून माहीत नाही, आणि त्यांनी हे वाचू नये अशी इच्छा.

सड्यावरचा

चकणा गणपती, हाहा! लिहीत राहा रे.

हिशेबी

"यंत्र" रकान्याच्या वह्या हव्यातच. नातवा, तू फोटो काढ, मी आकडे टंकतो. खाडीच्या आतल्या धक्क्याच्या इतक्या वर्षांच्या पाहिलेल्या नोंदी मी कुठे पाहिल्या नाहीत.

कर्लीकाठची

वर्षश्राद्ध झालं. सगळ्यांनी मनापासून सल्ले दिलेत म्हणून काय ठरलं ते लिहिते.

पायपेटी गावच्या भजन मंडळाला. ती दुरुस्त करून घ्यायचा खर्च आम्ही भावंडं करतोय. सुरांखालच्या चिठ्ठ्या कुणी काढायच्या नाहीत एवढी अट भावानं घातलीय. तो आधी सगळं देऊन टाकायला निघाला होता, हे नोंदवून ठेवते. पाग शेजाऱ्याकडे, तेच ते, अण्णांशी न बोलणारे. त्यांनी मागितली नव्हती, आईनं पाठवली. त्यांनी ती घेतली आणि संध्याकाळी चार बोय आली. बोलणं अजून नाहीच. तिकिटं धाकट्या नातवाकडे, पाकिटं न कापता. जय हिंद सापडलं, तिकीटवाला! मूर्तीची हत्यारं शाळेतल्या कारागिरानं आनंदानं नेली. वह्यांचे फोटो हिशेबींकडे जात राहतील, मूळ वह्या घरीच.

कलमाची सुरी द्यायचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, ती कशी देतलास, ती माजी. मग कळलं की अण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून कलमं तीच बांधत होती. मे २०२१ ची ती ११ कलमं उभी करणारी पण तीच. वहीत लिहिलं अण्णांनी.

चुलीपुढची

!!! फुगड्यांचा धागा कधी?

कर्लीकाठची

विचारलं. म्हणाली, सध्या काजूबिया वेचायच्या, सुकवायच्या आहेत, मे सरेपर्यंत वेळ नाही. आणि ज्यांना वेंगुर्ला ७ च्या काड्या हव्यात त्यांनी पावसाच्या आधी सांगायचं, आयत्या वेळी आलात तर पानं खुडलेली काडी मिळायची नाही.